मुक्या प्राण्यांचे देणे

वाचकहो, दिवाळीची पहिली पणती आपण वसुबारसेला लावतो. त्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते. पुढे धनत्रयोदशी येते, म्हणजे धन्वंतरीचा दिवस. व्यापारी तिजोरी पुजतात आणि डॉक्टर-वैद्य मंडळी धन्वंतरीपुढे निरांजन लावतात. आधी मुक्या जनावराची पूजा आणि मग औषधाच्या देवाची, हा क्रम कोणी ठरवला कोण जाणे. पण ज्याने ठरवला त्याला काहीतरी कळत होते. औषधाच्या कुपीपर्यंत जी वाट जाते ती जनावरांच्या पिंजऱ्यांवरून जाते, आणि आपण ती वाट सहसा पाहत नाही.

संपादकमहाशयांची सूचना अशी की दिवाळी अंकातले सदर खुसखुशीत असावे. मला ते तत्त्वतः मान्य आहे. पण नरकचतुर्दशीला आधी कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी आपल्यातल्या पुष्कळ घरांची रीत आहे. तेव्हा या वर्षीचे सदर हे कारीट समजावे. अंकात चकल्या-करंज्या इतरांनी भरपूर तळल्या आहेत.

निमित्त घडले ते माझ्या पुतण्याच्या मुलीचे. पोरगी हुशार, पुण्यात संशोधन करते आणि तिला सरकारी शिष्यवृत्ती आहे. मधुमेहात यकृताचे काय होते असा काहीसा तिचा विषय. प्रयोगाला उंदीर हवेत. आपल्याकडे कोणालाही उंदीर आणून वाटेल तो प्रयोग करता येत नाही. त्यासाठी संस्थेच्या समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात एक रकाना असतो: जनावर न वापरता हे काम होईल काय? नसेल तर का नाही? पोरीच्या आधीच्या मंडळींनी तिला सांगितले, ‘‘तिथे एक ठरलेले वाक्य लिहायचे असते. आमच्या अर्जातले उतरून घे.’’

रविवारी जेवायला आली तेव्हा तिने मला विचारले, ‘‘आजोबा, तो रकाना मी खरा भरू, की रीतीप्रमाणे भरू?’’

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर महाग होते. खरा भरायचा तर वाचन करायला हवे, दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन नवी पद्धत शिकायला हवी. त्यात महिने जातात आणि शिष्यवृत्तीचे महिने मोजके असतात. वेळ सरला की पैसे थांबतात. प्रबंध अर्धा राहिला तर घरचे, दारचे आणि लग्नाचे बघणारे, सगळे बोलतात. मी तिला सल्ला दिला नाही. तिला मुरूमची गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हालाही सांगतो.

मुरूम हे माझे गाव. रस्त्यावर पसरतात तो मुरूम नव्हे. उमरगा तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्यातले मुरूम. माझ्या लहानपणी जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, आणि माझ्या वडिलांच्या तरुणपणी तर मुलूखच निजामाचा होता. पलीकडे आळंद आणि कलबुर्गी, त्यामुळे बाजारात अर्धे बोलणे मराठी आणि अर्धे कानडी. काळी जमीन, ज्वारी, तूर, हरभरा. आणि सुगी सरली की मोकळ्या रानात धनगरांची मेंढरे.

साल १९६१ असावे. मला एका पिसाळलेल्या कुत्र्याने पोटरीला धरले. आमची आजी चुना-हळद घेऊन धावली, शेजारच्यांनी कुठल्याशा गावच्या मांत्रिकाचे नाव सांगितले. पण वडील शाळामास्तर होते. त्यांनी जखम साबणाने खसखसून धुतली आणि मला उचलून एसटीत घातले. नळदुर्गावरून सोलापूर. तिथे मावशीकडे मुक्काम आणि रोज सकाळी दवाखान्यात पोटात एक इंजेक्शन. अशी चौदा. ज्यांनी ती घेतली आहेत त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी घेतली नाहीत त्यांना वर्णन करून कळायचे नाही. पोट फुगून कडक होई. सहाव्या-सातव्या दिवसानंतर सुई कुठे खुपसावी हा कंपाउंडरलाही प्रश्न पडे. आजी भेटायला आली तेव्हा कोणीतरी तिला सांगितले की हे औषध मेंढीच्या मेंदूतून काढतात. ती माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘‘लेकराच्या पोटात मेंढराचं डोकं घालालेत म्हणं. त्या मेंढराला तरी कुणी इच्यारलं का?’’

आम्ही हसलो. पण आजीला मिळालेली माहिती तंतोतंत खरी होती.

ती लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरने कसौलीच्या सरकारी संस्थेत १९११ साली तयार केली. पद्धत अशी. जिवंत मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू टोचायचे. काही दिवसांत मेंढीचे पाय लटपटू लागतात, ती आडवी होते. मग तिला मारून मेंदू काढायचा, तो वाटायचा, कार्बोलिक आम्लाने त्यातले विषाणू निकामी करायचे आणि ते पातळ द्रव्य कुप्यांत भरायचे. कसौली, कुन्नूर आणि देशातल्या इतर सरकारी संस्थांत वर्षानुवर्षे हे काम चाले. किती मेंढ्या गेल्या याचा हिशेब मी मांडत नाही. एवढेच सांगतो की गावोगावच्या दवाखान्यांत चौदा-चौदा इंजेक्शने पुरायची तर कळपच्या कळप लागत.

या लसीला नावे ठेवणे मला शोभणार नाही. रेबीज एकदा अंगात उसळला की माणूस सहसा वाचत नाही. आजही वाचत नाही. त्या मेंढ्यांनी असंख्य लोकांचे प्राण राखले आणि त्यांत कदाचित माझाही असेल. पण त्या लसीची दुसरी बाजूही होती. मेंदूचा अंश शरीरात गेल्यावर काही हजारांत एखाद्या माणसाचे शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटे. आमच्या गल्लीतला एक जवान गडी, कुत्रे चावले म्हणून सुया घ्यायला गेला आणि कमरेखालचे बळ गमावून बैलगाडीत आडवा होऊन परत आला. कुत्र्याने मारले नाही, औषधाने लुळा केला. त्याची बायको पुढे तीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपत होती.

आता पुढचा भाग नीट ऐकावा, कारण सगळे प्रकरण इथे आहे.

१९६२ साली, म्हणजे माझ्या इंजेक्शनांच्या जेमतेम पुढच्या वर्षी, जपानमधल्या चिबा विद्यापीठात दोघा शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या एका हिरवट वानराच्या मूत्रपिंडातल्या पेशी काढून काचपात्रात वाढवल्या. त्या पेशी वाढतच राहिल्या. त्यांना ‘व्हेरो’ पेशी म्हणतात. विरजणासारखेच आहे हे: एकदा लागले की पुढच्या पिढीला थोडे काढून द्यायचे. त्या एका वानराच्या पेशी आज साठाहून अधिक वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत, आणि त्यांच्यावर विषाणू वाढवून लसी तयार होतात. रेबीजची आजची पुष्कळशी लस अशीच होते. पोटात चौदा सुया नकोत. दंडावर मोजकी इंजेक्शने पुरतात, आणि मेंदूचा अंश नसल्यामुळे लुळे पडण्याची ती जुनी भीतीही नाही.

याच्या अलीकडचा काळ आठवावा. १९५०च्या दशकात पोलिओची लस करायला माकडांची मूत्रपिंडे लागत, आणि त्यासाठी आपल्या देशातून दरसाल लाखाच्या घरात माकडे विमानांतून परदेशी रवाना होत. ती निर्यात १९७८ साली बंद झाली. तिकडे लाखो माकडे आणि इकडे एका वानराच्या पेशी, हा फरक ध्यानात ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून सांगायला सुरुवात केली की मेंदूपासून केलेली लस बंद करा. त्याच दशकात आपल्याकडेही पेशींवरची लस मिळू लागली. मात्र ज्याच्या खिशात पैसे त्याला. मुंबई-पुण्याच्या बंगल्यातल्या मुलाला कुत्रे चावले तर दंडावर नवी लस, आणि मुरूमच्या शेतमजुराच्या मुलाला चावले तर पोटात मेंढीचा मेंदू. सरकारी दवाखान्यांसाठी जुनी लस बनवणे आपण थांबवले ते २००४च्या अखेरीस. मध्ये वीस वर्षे गेली. २००६ साली कातडीत थोडी-थोडी लस देण्याची पद्धत आपल्याकडे मंजूर झाली. थायलंडच्या रेड क्रॉसने ती आधीच वापरून दाखवली होती. तिने एका कुपीत अनेकांचे काम भागू लागले आणि खर्चाची सबबही उरली नाही.

या वीस वर्षांत किती मेंढ्या गेल्या आणि किती गडी लुळे पडले? त्या सगळ्यांसाठी पर्याय नव्हता असे कोणी म्हणू नये. पर्याय होता, त्याच्यावर सरकारी पैसा घालण्याची निकड कोणाला वाटली नव्हती. म्हणूनच प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरा असे मी म्हणतो तेव्हा ती केवळ भूतदया नसते. जनावराला जी जुनी पद्धत सोसावी लागते, तिची किंमत बहुधा गरीब माणूसही भरतो.

असे बदल आपल्या घरातही येऊन गेले आहेत, फक्त आपल्या लक्षात राहिले नाहीत. घरातली सून उलट्या करू लागली म्हणजे आज औषधाच्या दुकानातून पट्टी आणतात आणि पाच मिनिटांत पेढे. आपल्या आज्यांच्या काळी हीच परीक्षा करायला जनावर लागे. १९२८ साली बर्लिनच्या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरीला टोचून परीक्षा काढली. पुढे अमेरिकेत सशीवर होऊ लागली. सशी मारून तिचे बीजकोश पाहिल्याशिवाय ‘गोड बातमी’ कळत नसे. पुढे बेडूक आले, आणि मग केवळ काचेच्या नळीतली रासायनिक परीक्षा आली. आता कोणी म्हणत नाही की सशाशिवाय बारसे कसे होणार.

तीच गोष्ट सलाईनच्या बाटलीची. त्या पाण्यात ताप आणणारे काही द्रव्य नाही ना, हे पाहायला ते सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचे आणि त्याला जखडून तासन्‌तास त्याचा ताप मोजायचा, अशी पद्धत होती. २०१८ सालच्या भारतीय औषधकोशाने शिरेतून द्यायच्या औषधांसाठी तिच्या जागी काचपात्रातली चाचणी आणली. सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला २०१४ साली आपल्या देशात बंदी आली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदनही थांबवायला सांगितले. माझ्या पिढीने चार खिळ्यांवर ताणलेला बेडूक पाहिला. आमच्या नातवंडांनी तो पडद्यावर पाहिला, आणि म्हणून देशातले डॉक्टर कच्चे निघाले असे ऐकिवात नाही.

हे सगळे कायद्याविरुद्ध जाऊन झाले नाही. उलट कायद्याचेच ते म्हणणे आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना आपण भरतनाट्यासाठी ओळखतो. राज्यसभेत त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खाजगी विधेयक आणले होते. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिले तेव्हा त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली कायदा झाला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. पुस्तके, नमुने, चित्रपट यांनी काम भागत असेल तर ते वापरावेत. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या: जनावराऐवजी दुसरे काही वापरता आले तर ते वापरा, नाही तर संख्या घटवा, आणि तेही नाही तर निदान यातना कमी करा. जगभरचे नियम आज याच तीन पायांवर उभे आहेत.

मार्च २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली. माणसाच्या पेशी, पेशींपासून वाढवलेले अवयवांचे सूक्ष्म नमुने, संगणकावरची गणिते यांचा पुरावाही आता औषधाच्या परवानगीसाठी धरता येतो. अमेरिकेने तसा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला होता. आमच्या पुण्यातच गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना लागणाऱ्या पेशी सांभाळून ठेवायच्या आणि मागतील त्यांना पुरवायच्या, हे त्याचे एक काम. पेशींची सरकारी पेढीच म्हणा. मुरूमहून सोलापूरच्या उलट दिशेला मोठा रस्ता धरला की हैदराबाद लागते. तिथल्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातही माणसाच्या पेशींवर आधारलेल्या पद्धतींसाठी वेगळे काम सुरू झाले आहे. म्हणजे दारे उघडली आहेत. त्यांतून आत जाणारे थोडे आहेत, एवढेच.

आता आक्षेपांकडे वळू. या सदराला पत्रे येतात, आणि काही मला न उघडताच वाचता येतात.

पहिले पत्र येईल: ‘‘मग काय औषध थेट आमच्या मुलाबाळांवर करून पाहणार?’’ नाही. पण जनावरावर करून पाहिले म्हणजे मुलाबाळांची हमी मिळाली, हाही भ्रम आहे. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ नंतर युरोपात गर्भवतींना मळमळीसाठी देत. उंदरांवर ते निर्धोक वाटले होते; हजारो मुले हातापायांवाचून जन्मली. उलट पेनिसिलीन गिनीपिगला मारक ठरते. पहिली चाचणी त्याच्यावर झाली असती तर कदाचित ते औषध फेकूनच दिले असते. उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे. माणसाच्या यकृताचे काय होईल हे माणसाच्या यकृतपेशींना विचारणे, यात दयेइतकाच शहाणपणाही आहे.

दुसरे पत्र: ‘‘रविवारी मटण खाणाऱ्यांनी उंदरावर दया दाखवावी काय?’’ ज्याने त्याने आपल्या ताटाचा विचार करावा; मी कोणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाही. पण मटण ज्याचे तो आपल्या पैशाने आणतो. सरकारी संशोधन तुमच्या-माझ्या कराच्या पैशाने, तुमच्या-माझ्या नावाने चालते. त्यात जनावर विनाकारण मरत असेल तर ‘मला काय त्याचे’ असे म्हणायची सोय उरत नाही.

तिसरे पत्र अगदी उलट बाजूने येईल: ‘‘उद्यापासून सगळे बंद करा.’’ या मंडळींच्या अंतःकरणाबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी एकदा तुरीच्या रानात पहाटे चालावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर उतारा म्हणून जी लस आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असते, ती घोड्याच्या रक्तापासून होते. मुंबईच्या हाफकिनने ती पिढ्यान्‌पिढ्या बनवली. तिची ताकद उंदरांवर मोजावी लागते, आणि या घडीला ते थांबवले तर उद्या साप चावलेला शेतकरी मरेल. करोनाच्या वेळचेही असेच. कोव्हॅक्सिन ही लस व्हेरो पेशींवर वाढवली, विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केला. तरी माणसांना देण्याच्या खटाटोपात तिची परीक्षा वीस माकडांवर झाली. टाळेबंदीत माकडे गावे सोडून रानात पांगली होती. ती नागपूरकडच्या भागातून कशी शोधून धरून आणली, ही हकीकत वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात दिली आहे. मी ती लस घेतली. तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतली असेल. त्या वीस जिवांची आठवण न ठेवणे बरे नव्हे, आणि पुढच्या साथीच्या वेळी वीसांच्या जागी दहा, आणि दहांच्या जागी एकही नको, असा प्रयत्न आजपासून न करणे तर मुळीच बरे नव्हे. साथ आल्यावर नवी पद्धत शिकायला वेळ नसतो.

आणि माणसाकडून शिकायचे म्हणजे नेहमी मोठी यंत्रेच लागतात असेही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडच्या परिसरात नोकरी करताना त्यांच्यापुढे विंचू चावलेली माणसे यायची आणि डोळ्यांदेखत जायची. शंभरात तीसेक. बावस्करांनी उशाशी बसून प्रत्येकाची नाडी, घाम, श्वास, रक्तदाब यांची टिपणे ठेवली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे साधे औषध या विषावर लागू पडते हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ने ते छापले. मृत्यू शंभरात एक-दोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णाच्या खाटेजवळ बसून काळजीने पाहणे हीदेखील संशोधनाची पद्धत आहे. तिला पिंजरा लागत नाही. तिला नीट ठेवलेली दप्तरे लागतात, आणि आमच्या सरकारी दवाखान्यांत नेमकी तीच नसतात.

तेव्हा मागणे काय? फार मोठे नाही. सरकार ज्या संशोधनाला पैसे देते, त्याच्या अर्जातला तो ‘दुसरा मार्ग आहे काय’ हा रकाना गंभीरपणे तपासावा. उतरवलेले वाक्य दिसले की अर्ज परत पाठवावा. पण त्याचबरोबर जो संशोधक नवी पद्धत शिकू इच्छितो त्याला शिकायला पैसे आणि मुदत वाढवून द्यावी. खरे उत्तर देणाऱ्यालाच तोटा झाला तर खरे उत्तर कोण देईल? प्रत्येक प्रयोगशाळेने एकटीने खटपट करण्यापेक्षा दर विभागात एखादी सामाईक जागा असावी, संभाजीनगरला किंवा लातूरला का नसावी? फसलेल्या प्रयोगांची हकीकतही छापावी, म्हणजे तोच फसलेला प्रयोग दुसऱ्या गावी पुन्हा शंभर उंदरांवर व्हायचा नाही. आणि जुन्या पद्धतीच्या जागी नवी सिद्ध झाली की ती अमलात आणायला पुन्हा वीस वर्षे लावू नयेत.

आपण घरी बसलेल्यांनी काय करावे? आपल्यातल्या कित्येकांची मुले जीवशास्त्र, औषधशास्त्र शिकत आहेत. गुण किती पडले हे आपण विचारतोच; तुझ्या प्रयोगाला जनावर का लागते, हेही एकदा विचारावे. शस्त्रक्रियेत काढून टाकलेला ऊतीचा तुकडा संशोधनाला वापरू का, असे एखाद्या रुग्णालयाने नीट समजावून विचारले तर घाबरून नाही म्हणू नये. आपल्याला नको असलेल्या तुकड्याने दहा उंदरांचे काम होऊ शकते. कोणी कॉलेजच्या प्रयोगशाळेला देणगी देत असेल तर त्याने भिंतीवरच्या नावापेक्षा या कामासाठी द्यावी.

पोरीचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तिने तो रकाना खरा भरला. चार महिने मोडले. विषयाचा पहिला भाग माणसाच्या यकृतपेशींवर करायचे ठरले. दुसऱ्या भागाला उंदीर लागतीलच, पण आधी लिहिले होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिष्यवृत्ती मात्र चार महिने आधी संपणार ती संपणारच. मुदत वाढवून मागण्याचा अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर पडून आहे. तिची आई थोडी रागावली आहे, माझ्यावरही. मी म्हटले, अर्जाचे उत्तर आले नाही तर त्या चार महिन्यांचे मी बघतो. पेन्शन आहे, आणि मेंढीचे देणे मी १९६१ पासून लागतो.

दीपावलीच्या शुभेच्छा. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, आणि ते लाभताना ज्यांना बोलता येत नाही त्यांचा भार थोडा हलका होवो.